तारेतून जाते ते काय?

बुधवार, ३० जानेवारी २००८. त्या दिवशी भारतातील असंख्य कचेऱ्यांत कामाला बसलेल्या माणसांना एकच अनुभव आला. संगणक चालू होते, वीज होती, पडद्यावर अक्षरे नेहमीसारखी उमटत होती. पण युरोप-अमेरिकेकडे पाठविलेला संदेश जाईना आणि तिकडचे उत्तर येईना. आलेच तर ते रखडत रखडत येई. कोणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, कोणी तंत्रज्ञाला बोलावून आणले. त्याच्या हाती करण्यासारखे काहीच नव्हते. दोष होता तो इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरानजीक, भूमध्य समुद्राच्या तळाशी. ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग युरोप-आशिया’ या नावांच्या दोन केबली तेथे तुटल्या होत्या. दोन्ही केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या. भारतातून पश्चिमेकडे होणाऱ्या संदेशवाहतुकीचा निम्म्याच्या आसपास भाग त्यामुळे लुळा पडला. दोनच दिवसांनी दुबई आणि ओमान यांच्या दरम्यान ‘फाल्कन’ नावाची तिसरी केबल तुटली. तिच्यापाशी जहाजाचा एक टाकून दिलेला नांगर सापडला. त्याचे वजन पाच ते सहा टन होते.

संगणकांचे शास्त्र म्हटले की मनापुढे गणित येते, सूक्ष्म तर्क येतो. सहा टनांचा लोखंडी नांगर येत नाही. वस्तुतः संगणकांच्या जाळ्याचा तळमजला अशाच जड पदार्थांचा आहे. तांबे, काच, प्लॅस्टिक, पोलाद आणि समुद्राचे खारे पाणी यांच्याशी त्याची गाठ असते.

संगणकांमधील संभाषणाचे एकावर एक असे सात थर कल्पिण्याची रीत आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने १९८४ साली हा आराखडा प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. प्रत्यक्षातील इंटरनेट त्या साताच्या हिशेबाने तंतोतंत चालत नाही. तरी विचार करण्यास ही विभागणी सोयीची ठरली आहे. टपालाचे उदाहरण घेतले तर ती चटकन ध्यानात येईल. पत्रातील मजकूर ही एक गोष्ट, पाकिटावरील पत्ता ही दुसरी, टपाल कचेरीत होणारी छाननी ही तिसरी. या सर्वांच्या खाली, थैली खांद्यावर टाकून धावणारा हरकारा आणि त्याच्या पायाखालची वाट असते. पत्र लग्नाचे आहे की सुतकाचे, हे हरकाऱ्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असण्याची गरजही नसते. पण वाटेवरील पूल वाहून गेला, तर वरच्या सगळ्या व्यवस्था जागच्या जागी थांबतात. संगणकांच्या जाळ्यातील या सर्वांत खालच्या थराला ‘भौतिक थर’ म्हणतात. खुंटीचा आकार कसा असावा, तिच्यातील कोणत्या टाचणीतून कोणती तार जावी, किती व्होल्टांचा दाब द्यावा, तो किती वेळ ठेवावा, हे सारे ठरविणे त्याचे काम.

संगणकाची भाषा एक आणि शून्य या दोनच आकड्यांची, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु तारेतून आकडे जात नाहीत. तारेत एक किंवा शून्य असे काहीही नसते. तेथे असतो तो विजेचा कमीअधिक दाब. काचेच्या तंतूत असतो प्रकाश. हवेत असतात लहरी. अमुक दाब म्हणजे एक आणि तमुक दाब म्हणजे शून्य, हा दोन टोकांनी आपसात केलेला करार आहे. १९६० च्या दशकात रूढ झालेल्या ‘आरएस-२३२’ नावाच्या जोडणीचा करार तर नवशिक्याला बुचकळ्यात पाडणारा होता. तिच्यात उणे तीन व्होल्टांच्या खालचा दाब म्हणजे एक आणि अधिक तीन व्होल्टांच्या वरचा दाब म्हणजे शून्य. या दोहोंमधील सहा व्होल्टांचा पट्टा मुद्दामच निरर्थक ठेवलेला. शेतांच्या मध्ये बांध असावा तसा तो पट्टा होता. वाटेत दाब थोडा ढळला तरी एकाचे शून्य होऊ नये, म्हणून ही मोकळी जागा.

तार म्हणजे काही क्षणात सारे पोचविणारी जादू नव्हे. तांब्यातून किंवा काचेतून जाणारा संकेत सेकंदाला ढोबळमानाने दोन लाख किलोमीटर धावतो. या हिशेबाने प्रत्येक बिटाला, म्हणजे प्रत्येक एकाला वा शून्याला, तारेत चक्क लांबी असते. सेकंदाला एक कोटी बिट पाठविले, तर एकेक बिट वीस मीटर लांबीचा होतो आणि शंभर मीटर तारेत एका वेळी पाचच मावतात. वेग सेकंदाला शंभर कोटींवर गेला की बिट वीतभर होतो. हजार कोटींवर गेला की बोटाच्या पेराएवढा. घरातील तारेत अशी पेरे एकामागोमाग एक धावत असतात आणि पलीकडच्या टोकाला प्रत्येक पेर वेगळे ओळखावे लागते. सारी अडचण त्या ओळखण्यात आहे. ती माणसाला प्रथम उमगली ती संगणकाच्या जन्मापूर्वी शंभर वर्षे, आणि फार मोठी किंमत मोजून.

आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यू फाउंडलंडच्या ट्रिनिटी उपसागरापर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याचे काम ५ ऑगस्ट १८५८ रोजी पुरे झाले. सायरस फील्ड या अमेरिकन उद्योजकाचा तो ध्यास होता. ‘ॲगमेम्नॉन’ आणि ‘नायगारा’ या दोन जहाजांनी भर समुद्रात केबलीची टोके जोडली आणि ती एकमेकांकडे पाठ करून आपापल्या किनाऱ्याकडे निघाली. केबलीच्या गाभ्यात तांब्याचे सात पेड होते आणि त्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे तीन लेप. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांच्याकडे निघाला. दोन्ही देशांत आनंदाला भरते आले. संदेश होता अवघ्या ९८ शब्दांचा. तो पोचायला सुमारे सोळा तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे.

एवढा वेळ का लागावा? वीज तर मंद नव्हती. याचे उत्तर शेताला पाणी देणाऱ्याला सहज पटेल. कोरड्या, लांबलचक पाटात पाणी सोडले तर ते लगेच पलीकडच्या वाफ्यात पडत नाही. आधी पाटाचा तळ भिजतो, खळगे भरतात, मग कोठे शेवटच्या टोकाला पाण्याची बारीक धार दिसू लागते आणि हळूहळू वाढते. इकडे दार बंद केले तरी तिकडे पाणी झिरपतच राहते. आता कोणी दार भराभर उघडझाप करू लागला, तर पलीकडच्या माणसाला ती उघडझाप दिसणार नाही. त्याला दिसेल ती एक संथ, कमीजास्त होणारी धार. समुद्रातील केबलीचे असेच झाले. आत तांबे, मध्ये गटापर्चा आणि बाहेर समुद्राचे पाणी अशी तिची रचना असल्यामुळे ती विद्युत्भार साठवून ठेवणारी एक प्रचंड लांब बरणीच बनली होती. प्रत्येक संकेतापूर्वी ती भरावी लागे आणि प्रत्येक संकेतानंतर रिकामी व्हावी लागे. स्पंद एकमेकांत मिसळून त्यांचा लगदा होई.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेले, यांनी हे गणिताने आधीच दाखवून दिले होते. केबलीची लांबी दुप्पट झाली तर हा विलंब दुप्पट नव्हे, चौपट होतो, असा त्यांचा वर्गाचा नियम १८५५ साली प्रसिद्ध झाला. उपाय त्यांनी दोन सांगितले. तांबे आणि वेष्टन जाड करावे, आणि पलीकडच्या टोकाला अत्यंत क्षीण संकेतही ओळखणारे उपकरण ठेवावे. केबल कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हते. ते मूळचे शल्यवैद्य. विजेचे प्रयोग त्यांनी हौसेने आणि चिकाटीने केले होते. प्राध्यापकांचे गणित कागदावर ठीक, असा त्यांचा पवित्रा होता. संकेत नीट पोचत नाही ना, मग अधिक जोर लावा! सुमारे पाच फूट लांबीची मोठी वेटोळी लावून त्यांनी केबलीत दोन हजार व्होल्टांच्या आसपास दाब सोडला. मूळचीच सदोष असलेली ती केबल हे सहन करू शकली नाही. सप्टेंबरच्या आरंभी मजकूर वाचता येईनासा झाला आणि मग ती कायमची मुकी झाली.

न्यायाने बोलायचे तर सगळे पाप व्हाइटहाउस यांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. केबल घाईने बनविलेली होती. ती उन्हात पडून राहिल्याने गटापर्चा मऊ होऊन तांबे काही जागी मध्यावरून सरकले होते. जोर लावला नसता तरी ती फार दिवस टिकली असती असे नाही. पण त्यांची समजूत मात्र मुळातच चुकीची होती. बहिऱ्याशी ओरडून बोलावे, तसा त्यांचा उपाय. येथे रोग बहिरेपणाचा नव्हता, शब्द एकमेकांत मिसळण्याचा होता. ओरडल्याने मिसळलेले शब्द सुटे होत नाहीत.

टॉमसन यांचे उपकरण पाहण्यासारखे होते. एका इवल्याशा आरशाच्या पाठीला बारीक लोहचुंबक चिकटवून तो रेशमाच्या धाग्याने तारेच्या वेटोळ्यात टांगलेला असे. दिव्याचा किरण आरशावर पडून समोरच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका उमटवी. केबलीतून किंचितसा प्रवाह आला की आरसा केसभर वळे आणि ठिपका पट्टीवर चांगला दिसण्याइतका सरके. जमिनीवरील तारायंत्रात ‘कट्ट’ लहान आणि ‘कड’ लांब असे. येथे दोन्ही सारख्याच वेळाचे ठेवून त्यांची दिशा मात्र उलटी करण्यात आली. ठिपका डावीकडे गेला की एक खूण, उजवीकडे गेला की दुसरी. लांब खुणेने केबल भरून राहण्याची आपत्ती त्यामुळे बरीच टळली. तारेचा स्वभाव ओळखून लिपीच बदलण्याची ही युक्ती आजच्या संगणकांच्या तारांतूनही निरनिराळ्या रूपांत आढळते.

त्या अल्पायुषी केबलीचा हिंदुस्थानशी एक संबंध आला. १८५७ च्या उठावाच्या निमित्ताने कॅनडातील दोन पलटणींना परत येण्याचे हुकूम सुटले होते. उठाव मोडत आल्यामुळे त्यांची गरज उरली नव्हती. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी केबलीवरून तो हुकूम रद्द करण्यात आला आणि ब्रिटिश सरकारचे सुमारे पन्नास हजार पौंड वाचले. मरणपंथाला लागलेल्या तारेने केलेला हा बहुधा अखेरचा मोठा व्यवहार. पुढे सरकार आणि कंपनी यांच्या संयुक्त समितीने सर्व अपयशाची चौकशी करून १८६१ साली अहवाल दिला. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने जी केबल यशस्वीपणे टाकली, तिच्यात दर सागरी मैलामागे तांबे १०७ पौंडांऐवजी ३०० पौंड आणि गटापर्चा २६१ ऐवजी ४०० पौंड होता. टॉमसन यांचे म्हणणे वजनकाट्यावर मान्य झाले, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच जहाजाने १८७० साली मुंबई आणि एडन यांच्यामध्ये केबल टाकली.

हिंदुस्थानातील जमिनीवरच्या तारायंत्राचा जनक विल्यम ओशॉनेसी हाही, योगायोगाने, वैद्यच. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो रसायनशास्त्र शिकवी. त्याने मात्र आधी येथील जमीन आणि पाऊस पाहिला. विलायती पद्धतीची बारीक तार येथे टिकणार नाही हे जाणून कलकत्ता ते डायमंड हार्बर या आरंभीच्या मार्गासाठी त्याने चक्क जाड लोखंडी कांब वापरली. पावसाळ्यात खांबांवरून प्रवाह जमिनीत झिरपणार हे त्याने गृहीत धरले आणि ग्रहणासाठी स्वतःच एक साधे, स्वस्त, सुईचे उपकरण योजिले; क्षीण प्रवाहानेही त्याची सुई हाले. आग्र्याहून ग्वाल्हेर-इंदूरकडून मुंबईला आलेली तार १८५० च्या दशकातील त्याच्याच खटपटीचे फळ. माळव्यातील तारमास्तरांनी त्या काळी पावसाळ्यात थरथरणाऱ्या सुयांकडे डोळे लावून किती रात्री काढल्या असतील, याची कल्पनाच करावी.

समुद्रातील केबल हजारो मैलांची. कचेरीतील संगणकाची तार फार तर शंभर मीटरांची. मग तिला कसले आले दुखणे? पण स्पंद जितका आखूड, तितकी तीच तार त्याच्या दृष्टीने लांब. १८५८ च्या तारमास्तराचा एक स्पंद सेकंद-सेकंद रेंगाळे. आजचा सेकंदाच्या कोट्यवधी भागाइतका टिकतो. त्याच्या हिशेबाने शंभर मीटर म्हणजे महासागरच. तो वाटेत क्षीण होतो, कडा बोथट होऊन शेजाऱ्यात मिसळतो, आणि जवळून जाणारी विजेची तार, नळीचा दिवा, उद्वाहनाची मोटार यांचा गोंगाट त्यात शिरतो.

गोंगाटावरील सर्वांत स्वस्त इलाज अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली सुचविला. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, एवढेच. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो, कारण पिळामुळे कधी ही तार उपद्रवाच्या जवळ असते तर कधी ती. पलीकडचे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा मोजते. दोहोंत सारखीच आलेली भर वजा होऊन जाते. संगणकाच्या निळ्या वा करड्या केबलीत अशा चार पिळलेल्या जोड्या असतात आणि शेजारधर्म बाधू नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ निराळ्या घट्टपणाचा ठेवतात. खुंटी बसविताना हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा अधिक उकलू नये असा दंडक आहे. पुष्कळ ठिकाणी कारागीर काम सोपे जावे म्हणून दोन-दोन इंच पीळ उकलून ठेवतो. तार जोडलेली दिसते, दिवा लागतो, आणि संदेश मात्र अडखळत राहतात. दोष शोधणारे मग यंत्र बदलतात, कंपनी बदलतात. त्या दोन इंचांकडे कोणाची नजर जात नाही.

दुसरी अडचण वेळेची. ओळीने वीस शून्ये आली, तर तारेवर तितका काळ काहीच घडत नाही. ती वीस होती की एकवीस, हे कसे ठरवावे? गायक दीर्घ काळ थांबला आणि तबलाही निमूट झाला, तर मनातल्या मनात मात्रा मोजणाऱ्या श्रोत्याची सम चुकण्याचा संभव असतो. दोन संगणकांची घड्याळेही तंतोतंत एका लयीत चालत नाहीत. म्हणून संकेतातच ठेका मिसळून देतात. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून घडविलेल्या ‘इथरनेट’ या पद्धतीत प्रत्येक बिटाच्या मध्यभागी दाब खालून वर किंवा वरून खाली बदललाच पाहिजे, असा नियम होता. बदल वर गेला तर एक, खाली आला तर शून्य. ग्रहण करणाऱ्याला प्रत्येक बिटात एकदा टाळी ऐकू येई आणि त्याची लय सुटत नसे. मात्र या पद्धतीत दाब दुपटीने वेळा बदलावा लागतो. म्हणून अधिक वेगाच्या तारांसाठी पुढे निराळ्या लिप्या निघाल्या. सेकंदाला शंभर कोटी बिट नेणाऱ्या तांब्याच्या केबलीत तर दाबाच्या दोन नव्हे, पाच पायऱ्या असतात. चारही जोड्या दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलतात, आणि प्रत्येक टोक स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचे ऐकते. एवढ्या गर्दीतही हजार कोटी बिटांत एकाहून अधिक चूक होता कामा नये, अशी अट आहे.

अशा पायऱ्या कितीही वाढवीत जाता येतील काय? नाही. पायऱ्या जवळजवळ आल्या की गोंगाट एकीला दुसरीवर ढकलतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली या मर्यादेचे सूत्रच मांडले. तारेतून जाऊ शकणाऱ्या कंपनांचा पट्टा किती रुंद आणि संकेत गोंगाटाच्या किती पट मोठा, या दोन गोष्टी कळल्या की सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट बिनचूक नेता येतील ते सांगता येते. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० कंपनांचा. संकेत गोंगाटाच्या हजारपट धरला तर उत्तर येते सुमारे एकतीस हजार. त्या टेलिफोनवरून संगणक जोडणारी मोडेम-यंत्रे १९९० च्या दशकात, तार अधिक स्वच्छ असल्यास, ३३,६०० पर्यंत जाऊन थांबली होती. ध्यानात घेण्यासारखा भाग असा की, या सूत्रातही जोराचे मोल फार थोडे आहे. पट्टा दुप्पट केला तर वेग दुप्पट होतो; जोर दुप्पट केला तर, संकेत मुळातच बलवान असल्यास, कंपनामागे जेमतेम एका बिटाची भर पडते.

पट्टा मिळाला तो काचेत. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र नेण्याचे प्रयोग नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये केले व १९५४ साली प्रसिद्ध केले. पण तो मामला वीतभर-हातभर लांबीचा होता. मैलोगणती प्रकाश नेण्याइतकी स्वच्छ काच त्या काळी नव्हतीच. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली हिशेब मांडला की, एक किलोमीटर अंतरानंतर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा जरी शिल्लक राहिला, तरी काचेतून संदेश नेणे फायद्याचे होईल. काच स्वभावतःच अपारदर्शक नव्हे, तिच्यातील अशुद्धी प्रकाश गिळतात, हे त्यांचे म्हणणे. चारच वर्षांनी कॉर्निंग कंपनीने तसा तंतू काढून दाखविला. काव यांना त्यासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उत्तम तंतूत शंभरावा हिस्सा उरतो तो शंभर किलोमीटरनंतर. खिडकीला तितक्या जाडीचे तावदान बसविले तर पलीकडे काही दिसणार नाही हे खरे, परंतु साध्या काचेशी तुलना केली म्हणजे ही स्वच्छता थक्क करणारी वाटते.

समुद्रात म्हणून साधारणतः साठ ते शंभर किलोमीटरवर प्रकाश पुन्हा बळकट करणारी यंत्रे केबलीतच ओवलेली असतात. त्यांत अर्बियम या दुर्मिळ धातूचा अंश असलेला तंतू असतो. प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश असा द्राविडी प्राणायाम न करता तो प्रकाशाला प्रकाशानेच बळ देतो. या यंत्रांना लागणारी वीज केबलीतील तांब्याच्या नळीतून किनाऱ्यावरून पाठवितात, तीही हजारो व्होल्टांच्या दाबाने.

मग आता जोर लावायला काय हरकत? येथे व्हाइटहाउस यांचा प्रश्न नव्या वेषात पुढे येतो. तंतूत प्रकाश ठरावीक मर्यादेपलीकडे प्रखर केला की काचेचाच गुणधर्म त्या प्रखरतेनुसार बदलू लागतो आणि संकेत स्वतःलाच व शेजाऱ्यांना विकृत करतो. केबल जळत नाही, पण मजकूर बिघडतो. प्रत्येक तंतूला एक योग्य प्रखरता असते. तिच्या खाली गोंगाट नडतो, तिच्या वर प्रकाशच नडतो. शिवाय निरनिराळ्या रंगांचा प्रकाश काचेत किंचित वेगवेगळ्या वेगाने धावतो, त्यामुळे स्पंद लांबट होऊन एकमेकांत मिसळतात. म्हणजे पुन्हा तोच पाटाच्या पाण्याचा अनुभव. २०१० च्या सुमारापासून याचा परिहार ग्रहणाच्या टोकाला होऊ लागला आहे. येणारी प्रकाशलहर तिच्या सर्व बारकाव्यांसह मोजायची आणि वाटेत ती कशी फिसकटली असेल याचे गणित उलटे करून मूळचा स्पंद परत मिळवायचा. टॉमसन यांच्या आरशाची जागा आता गणित करणाऱ्या सिलिकॉनच्या कपचीने घेतली आहे.

बिनतारी जाळ्यात हवा हीच तार होते. तेथे भिंती, माणसांची ये-जा आणि शेजाऱ्याची यंत्रे यांचा उपद्रव असतो. सूत्र मात्र शॅनन यांचेच.

२००८ च्या त्या आठवड्यात वरचे थर स्वस्थ बसले नव्हते. पश्चिमेची वाट बंद दिसताच संदेशांचा काही भाग पूर्वेकडे वळविण्यात आला आणि मुंबईतून निघालेला मजकूर पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेला पोचू लागला. हरवलेला तुकडा पुन्हा मागविणे, दुसरी वाट शोधणे ही कामे वरच्या थरांची. त्यांनी ती केली. पण वाट शिल्लक असेल तरच ती शोधता येते. युरोप आणि आशिया यांना जोडणाऱ्या कितीतरी केबली इजिप्तच्या त्याच चिंचोळ्या प्रदेशातून जातात. एकाच उंबरठ्यावर एवढी गर्दी केल्यास काय होते, ते तेव्हा कळले.

दुरुस्ती मात्र हातानेच करावी लागली. अशा वेळी किनाऱ्यावरून तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडतात. काचेतून त्याचा अंश सतत मागे परतत असतो. तो परतणे जेथे एकदम थांबते तेथे तुटलेले टोक आहे असे समजते, आणि किती वेळाने थांबले यावरून अंतर निघते. मग केबलीचे जहाज निघते. ते गळाने समुद्रतळ चाचपून एक टोक वर उचलते, तपासून तरंड्याला बांधून ठेवते आणि दुसऱ्या टोकाच्या शोधाला लागते. तळाशी पसरलेली केबल ताणून डेकपर्यंत आणता येत नाही, म्हणून मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. केसाएवढे काचतंतू एकेक करून समोरासमोर धरतात आणि विजेच्या ठिणगीने वितळवून सांधतात. वाऱ्याने जहाज हलत असते. हात हलून चालत नाही. सांध्यावर पुन्हा वेष्टने चढवितात, दोन्ही किनाऱ्यांवरून प्रकाश सोडून खात्री करून घेतात आणि केबल पाण्यात सोडून देतात. अलेक्झांड्रियाजवळच्या दोन्ही केबली सुमारे दहा दिवसांत अशा रीतीने पूर्ववत झाल्या.